ओटा फोडून विकलेलं घर

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत गीताबाईंची खानावळ होती. पाटी नव्हती. कचेरीत सातबाऱ्यासाठी आलेला किन्हवलीचा शेतकरी, कोर्टातले कारकून, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराला आलेली माणसं, सगळी न विचारता तिथं पोचत. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, बुधवार-शुक्रवार सुक्या जवळ्याचं कालवण. आणि वाढणारी बाई अशी की समोरच्यानं भात नको म्हणायच्या आत तो ताटात पडलेला असे.

ही चालती खानावळ गीताबाईंनी एक दिवस बंद केली. तोटा नव्हता, आजारपण नव्हतं, कुणाशी वाकडं आलं नव्हतं. गुडघे कुरकुरत होते, पण या वयात ते कुणाचे कुरकुरत नाहीत?

"लोकांना जेवायला घालून घालून माझं मन भरलं," त्या विचारणाऱ्याला सांगत. "आता दुसरं काय तरी करीन."

दुसरं काय, तेही त्यांचं ठरलेलं होतं. मुरबाडला धाकटी बहीण सावळी एकटी राहत होती. दोघींनी मिळून मसाले कुटायचे, पापड-कुरडया घालायच्या आणि मुरबाडच्या बाजारात विकायच्या. सावळीच्या शेजारचं परसदाराचं छोटं घर विकायला निघालं होतं. शहापूरचं घर विकायचं आणि ते घ्यायचं. नाशिकला दिलेल्या मुलीनं, राहीनं, फोनवर काळजीनं विचारलं, "आई, नीट विचार केलायस ना?"

"केला म्हणून तर फोन केला. विचारायला नाय गो, सांगायला केला."

घराचं गिऱ्हाईक बघायचं काम हरेशकडे दिलं. हरेश गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि जमीन-घरांचे सौदे जमवायचा. जिभेवर साखर, पण माणूस लबाड म्हणावा असा नव्हता. घाई मात्र फार. दोन माणसं नुसती शेजारी उभी राहिली तरी यांच्यात काय सौदा होईल, हे त्याच्या डोक्यात सुरू होई.

घर तसं साधंच. पुढे बाकडी मांडलेला सोपा, बाजूला एक खोली, मागे स्वयंपाकघर. पण ते स्वयंपाकघर म्हणजे गीताबाईंचा अभिमान. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर तीन मोठ्या शेगड्या, आणि गॅसची नळी कुठे दिसायची नाही. सिलिंडर मागच्या अंगणातल्या जाळीच्या खोपीत. तिथून तांब्याची लाइन भिंतीतून आत येऊन फरशीखालून, ओट्याच्या पोटातून थेट शेगड्यांपर्यंत गेलेली. ओट्याखालची जागा मोकळी आणि जमिनीलगत भिंतीला एक जाळीदार झरोका.

हरेशनं आणलेलं जोडपं तरुण होतं. दीपेश कसाऱ्याला रेल्वेत सिग्नलच्या कामावर, त्याची बायको नम्रता शिवणाचे वर्ग घेणारी. नम्रतानं सोप्यात उभं राहून इथे मशिनी कशा मांडता येतील ते मनात मोजलं, मग स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावरून हात फिरवत राहिली.

"लाइन आतून हाय, ताई," हरेश म्हणाला. "शहापुरात असं किचन दाखवा मला. तुमचा सिलिंडर आणून जोडायचा की चहा ठेवायचा."

"खाली मी ट्रॉल्या करून घेईन," नम्रता म्हणाली. "सगळं बंद. ही जाळी पण बुजवली की झुरळं यायची नाहीत. चालेल ना, मावशी?"

"घर तुझं झालं की तुझ्या मनासारखं कर," गीताबाई म्हणाल्या. पोरगी त्यांना आवडली. घर बघायला आलेली बहुतेक माणसं खोट काढायच्या नजरेनं बघतात. ही राहायच्या नजरेनं बघत होती.

सौदा ठरला, बयाणा झाला. रजिस्ट्रेशनआधी उरलेली कामं गीताबाईंनी एकेक करून हातावेगळी करायला घेतली. वीजबिल, घरपट्टी, नळाचं पाणी. आणि खानावळीच्या नावावरचं गॅसचं कनेक्शन. ते काही घराबरोबर विकता येत नव्हतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचे होते. त्यासाठी जयराम आला.

जयराम एजन्सीचा मेकॅनिक. हॉटेलांच्या, ढाब्यांच्या गॅसलाइन टाकायची कामंही तो बाहेरून घेई. गीताबाईंच्या हातचं इतकी वर्षं जेवलेला, त्यामुळे त्याला खानावळ बंद झाल्याचं दुःख घरच्यांपेक्षा जास्त.

"जमा करायच्या आधी सगळं तपासून दे," गीताबाईंनी सांगितलं.

जयरामनं साबणाचं पाणी केलं. शेगड्यांच्या जोडांवर, चाव्यांवर, खोपीतल्या नळीवर फेस लावला. कुठेही बुडबुडा आला नाही. "ठणठणीत हाय, मावशी."

"आणि फरशीच्या आतलं?"

"आतलं कसं दिसणार?"

"तेच विचारते. जे दिसत नाय ते तपासायचं कसं?"

हरेश तिथेच चहा पीत बसला होता. तो हसला. "मावशी, घर विकताना गॅस कोण तपासतं? लोक रंग मारतात. तुमी रंग मारा, घर कसं नवं वाटंल."

"रंग त्यांचा ते मारतील."

जयरामला घाई होती, पण गीताबाईंना नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं. लाइनवर दाबाचा काटा लावून बघता येतं, हॉटेलची नवी लाइन टाकली की आम्ही तसंच करतो, उद्या काटा घेऊन येतो, असं सांगून तो गेला. हरेश मात्र बसून राहिला.

"तुमाला शंका आलीय का काय?" त्यानं जरा दबकत विचारलं.

"शंका नाय रे. पण मी एकदा दुसऱ्याच्या घरात राहायला गेलेले. तेव्हापासून मला सवय."

ही गोष्ट हरेशला ठाऊक नव्हती. शहापुरात फार कुणाला नव्हती.

गीताबाई मुरबाडकडच्या गावातून लग्न होऊन आल्या तेव्हा सावळाराम, त्यांचा नवरा, आसनगावच्या एका कारखान्यात लेथ मशिनवर होता. हात इतका साफ की साहेब नाजूक काम त्याच्याकडेच देत. दोघांनी स्टेशनजवळ भाड्याची खोली घेतली. आधीचा भाडेकरू बदली होऊन चालला होता. जाताना तो आपली शेगडी, नळी, सगळं ठेवून गेला. "नवा संसार हाय, घ्या, कामाला येईल," म्हणाला. गीताबाईंना तेव्हा तो देवमाणूस वाटला होता. चुलीच्या धुरात वाढलेली मुलगी. निळी ज्योत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पेटवली त्या दिवशी तिनं दोनदा चहा केला.

काही दिवसांनी सकाळी सावळारामनं काडी ओढली आणि ओट्याखालून भडका उठला. त्यानं आधी बायकोला दाराबाहेर ढकललं, मग आत जाऊन उजव्या हातानं सिलिंडरची चावी फिरवली. चावी फिरली, आग विझली. हात मात्र वाचला नाही. म्हणजे हात राहिला, पण बोटं आखडली ती आखडलीच. लेथवर पुन्हा उभं राहता आलं नाही.

नंतर बघितलं तर शेगडीमागे नळीला चीर होती आणि चिरेवर चिकटपट्टी गुंडाळून वरून फडक्याची पट्टी बांधलेली. ज्यानं बांधली त्याला माहीत होतं. पुढे कधीतरी तो माणूस शहापूरच्या बाजारात भेटला. सावळारामचा हात बघून त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुमी नळी बदलून घ्याल," एवढंच म्हणाला. ते वाक्य गीताबाईंच्या कानातून कधी गेलं नाही. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं. त्यानं फक्त गृहीत धरलं होतं, की पुढचा बघून घेईल.

खानावळ त्यातूनच सुरू झाली. नवऱ्याचा पगार थांबला म्हणून गीताबाईंनी कारखान्यातल्याच चार माणसांचे डबे सुरू केले. डब्यांची खानावळ झाली, भाड्याच्या जागेची स्वतःची जागा झाली. सावळाराम गल्ल्यावर बसे, डाव्या हातानं सुटे पैसे देई, गिऱ्हाइकांशी गप्पा मारी. हा ग्रॅनाइटही त्यानंच कल्याणला जाऊन पसंत केलेला. टेम्पोत दगडाशेजारी बसून तो शहापूरपर्यंत आला होता, वाटेत तडा जाऊ नये म्हणून. चार वर्षांपूर्वी तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं.

हरेशनं सगळं ऐकून घेतलं. कपातला चहा गार झाला होता. "उद्या येतो मी पण," म्हणून उठला.

दुसऱ्या दिवशी जयरामनं खोपीत लाइनवर काटा बसवला. शेगड्यांच्या चाव्या बंद केल्या. लाइन गॅसनं भरून घेतली आणि सिलिंडरही बंद केला. "आता काटा जिथं हाय तिथंच राहायला पायजे," तो म्हणाला. तिघं अंगणात बसली. गीताबाईंनी भुईमुगाच्या शेंगा पुढे ठेवल्या. हरेश दोन शेंगा सोलून होईपर्यंत काट्याकडे बघायचं विसरला.

"जयराम," गीताबाई म्हणाल्या, "तो खाली आलाय का मला भास होतोय?"

भास नव्हता. काटा सावकाश, अगदी लाजत लाजत खाली सरकत होता. जयरामनं जोड पुन्हा आवळले, पुन्हा लाइन भरली. पुन्हा तेच.

"आत कुठं तरी झिरपतंय," तो म्हणाला. चेहऱ्यावर गोंधळ होता. "पण मावशी, इतकी वर्षं तुमाला वास कसा नाय आला?"

या प्रश्नाचं उत्तर गीताबाईंनाच सुचलं. सकाळी पहिली शेगडी नेहमी उशिरा पेटायची. काडी धरली की आधी नुसती हवा फुसफुसायची, मग ज्योत धरायची. त्या म्हणायच्या, शेगडीचीही झोप उडायला वेळ लागतो. आता कळलं. रोज काम संपलं की त्या खोपीत जाऊन सिलिंडरची चावी स्वतःच्या हातानं बंद करत. आसनगावच्या त्या सकाळनंतर एक दिवस चुकला नव्हता. लाइनमध्ये उरलेला एवढासा गॅस रात्रीतून झिरपून जाई आणि सकाळी लाइन रिकामी असे. दिवसा दारं-खिडक्या सताड उघड्या, ओट्याखाली मोकळं, जमिनीलगत जाळी. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो. तो त्या जाळीतून निघून जाई. फोडणीच्या नि जवळ्याच्या वासात त्याचा वास कुणाला येणार?

"म्हंजे घर चांगलं नव्हतं," गीताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझी सवय चांगली होती."

आणि नम्रता ती जाळी बुजवणार होती. ओट्याखाली ट्रॉल्या लावून सगळं बंद करणार होती. सिलिंडरची चावी रोज बंद करायची, हे तिला कुणी सांगितलं असतं? तिनं का केलं असतं?

हरेशनंही हे ताडलं होतं. पण त्याचं डोकं दुसरीकडे धावलं. "मावशी, एक करू. आतली लाइन दोन्हीकडून बुच मारून बंद करू. त्यांना सांगू, सिलिंडर आतच ठेवा, साधी नळी जोडा. कुणाचं काय वाईट नाय. उगाच सौदा कशाला मोडायचा?"

तोडगा वाईट नव्हता. बुच मारलेल्या लाइननं कुणाचा जीव गेला नसता. गीताबाईंनी क्षणभर विचार केला, हे खरं. मग मान हलवली.

"ती पोर या लाइनीकडं बघून घर घेतेय. तिला विकायचं एक आणि द्यायचं दुसरं? आणि उद्या कुणी ते बुच काढून लाइन चालू केली तर? नाय. बोलव दोघांना."

"मोडेल सौदा."

"मोडू दे. घर काय पळून जात नाय."

रविवारी दीपेश आणि नम्रता आले. गीताबाईंनी आडवळण न घेता सांगितलं. जयरामला काटा पुन्हा लावायला लावला आणि दोघांना तो पडताना दाखवला. शेगडी उशिरा पेटायची तेही सांगितलं, ट्रॉल्या लावल्यावर काय झालं असतं तेही.

दीपेश भडकला. सिग्नलच्या कामातला माणूस, बिघाड म्हणजे काय ते त्याला चांगलं कळत होतं. "बयाणा घेतल्यावर सांगताय हे? आधी नाय का तपासायचं?"

"आधीच तपासायला पायजे होतं," गीताबाई म्हणाल्या. "तुझं बरोबर हाय. पण कळलं ते काल-परवा, आणि कळलं तसं तुला बोलावलं. आता दोन वाटा. मी लाइन काढून नवी टाकून देते, माझ्या खर्चानं. नायतर तुमचा बयाणा हा इथं, घेऊन जा. माझा राग नाय."

"नवी टाकायची म्हणजे ओटा फोडावा लागणार," नम्रता म्हणाली. तिची नजर ओट्यावर होती.

"लागणार."

"अहो, मावशींनी सांगितलं नसतं तर आपल्याला कधी कळलं असतं?" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली.

"पण घरात आणखी काय काय असेल, ते कुणी सांगावं?" दीपेश म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. आयुष्यभराची कमाई लावणाऱ्या माणसाच्या मनात एकदा पाल चुकचुकली की ती लवकर गप्प बसत नाही. विचार करून कळवतो म्हणाला. बयाणा नेला नाही, पण हो-ही म्हणाला नाही.

आठवडा गेला, फोन आला नाही. हरेशनं मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईक आणलं. भिवंडीकडचा व्यापारी, घरात राहणार नव्हता, गोदामासाठी हवं होतं. "याला गॅसशी काय देणंघेणं? बघतोय, घेतोय, मोकळा होतोय," हरेश कानाशी म्हणाला.

"पहिल्यांचा बयाणा माझ्या घरात असताना दुसऱ्याला घर कसं देऊ?" गीताबाई म्हणाल्या. "आणि गोदामात माणसं कामाला येणार नायत का? त्यांना चहा लागणार नाय?"

व्यापारी गेला. हरेशनं कपाळाला हात लावला. गीताबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी जयरामला फोन केला. "उद्या गवंडी घेऊन ये. ते लोक घेवोत न घेवोत, लाइन निघणार."

ओटा फोडायला घेतला त्या सकाळी गवंड्यानं छिन्नी लावली आणि गीताबाई म्हणाल्या, "थांब जरा." त्या पुढे झाल्या. ओट्यावर शेवटचं काही शिजवावं का, असं क्षणभर वाटलं. मग स्वतःचंच हसू आलं, शेगड्या तर कालच काढलेल्या. त्यांनी पदर खोचला, गवंड्याच्या हातातला हातोडा घेतला आणि कडेच्या पट्टीवर पहिला घाव स्वतः घातला. दगड चांगला होता. पहिल्या घावाला नुसता वाजला. दुसऱ्यालाही. गीताबाईंचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. तिसऱ्या घावाला कोपरा निघाला. मग त्यांनी हातोडा परत दिला आणि अंगणात जाऊन तोंड धुतलं.

दगडाचे दोन मोठे तुकडे अख्खे निघाले. फरशी उकरल्यावर लाइन उघडी पडली. सिंकच्या खाली जिथे तांब्याची नळी वळत होती, तिथला जोड हिरवागार कळकलेला. वर्षानुवर्षं सिंकचं पाणी फरशीच्या सांध्यातून झिरपत होतं, मिठाचं, आमटीचं, राखेचं. जयरामनं बोट लावलं आणि हिरवी पूड त्याच्या बोटाला आली. जोडाजवळ नळी इतकी पातळ झाली होती की नखानं दबत होती.

"आणखी एखादं वर्ष," जयराम एवढंच बोलला.

गीताबाईंनी फोनमध्ये त्या जोडाचा फोटो काढला आणि नम्रताला पाठवला. त्याखाली काही लिहिलं नाही.

नवी लाइन जयरामनं भिंतीवरून, उघडी टाकली. दिसते, पण दिसते हेच तिचं चांगलं. खोपीत एक चावी, आत शेगडीपाशी हाताला येईल अशी दुसरी. जमिनीलगतची जाळी साफ करून तशीच ठेवली. ओटा पुन्हा बांधला, साध्या कडप्प्याचा. ग्रॅनाइट कल्याणहून आणायला आता सावळाराम नव्हता, आणि गीताबाईंना त्याच्याशिवाय ग्रॅनाइट नको होता.

काटा लावायच्या दिवशी नम्रता एकटीच आली. कसाऱ्याच्या बाजूनं सकाळची गाडी धरून आली होती, दीपेशची ड्युटी होती. तिनं अंगणातला पाट ओढून घेतला आणि काट्यासमोर बसली. गीताबाई शेजारी. जयराम, हरेश. चहा झाला. हरेशचा फोन दोनदा वाजला, त्यानं दोनदा कापला; हे त्याच्याबाबतीत नवलच. काटा होता तिथे राहिला. नम्रतानं उठून जवळ जाऊन बघितलं, परत येऊन बसली. काटा हलला नाही.

"मावशी, मी ट्रॉल्या नाही करत," ती शेवटी म्हणाली. "खाली पडदा लावेन शिवून. माझ्याकडे कापड काय कमी आहे?"

"म्हंजे घर घेताय?" हरेश ताडकन उठला.

"मी घेतेय. ह्यांना मी सांगेन." मग जरा थांबून ती हसली. "ह्यांनी तो फोटो स्टेशनात सगळ्यांना दाखवला. कुणीतरी म्हणालं, ही बाई घर विकायला बसलीय की वाचवायला? तेव्हापासून ह्यांचा राग उतरलाय. फक्त कबूल कोण करणार!"

दीपेश पुढच्या सुटीला आला. त्यानं भिंतीवरची लाइन टोकापासून टोकापर्यंत बघितली, प्रत्येक चावी फिरवून पाहिली. गीताबाईंना त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं. "मी त्या दिवशी जास्त बोललो," तो म्हणाला.

"तू बोललास ते बरोबरच बोललास. घर घेताना गोड बोलणारा माणूस मला चालत नाय."

रजिस्ट्रेशनला निबंधक कार्यालयात बरीच गर्दी होती. नंबर येईपर्यंत गीताबाईंनी नम्रताला अंगणातलं कढीपत्त्याचं झाड कसं छाटायचं, गल्लीत पाणी कुणाकडे आधी येतं आणि शेजारच्या कुठल्या बाईकडे किल्ली ठेवायची, ते सगळं सांगून टाकलं. अंगठा उमटवायच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठेना. इतकी वर्षं गरम तव्यावर भाकरी उलटलेला अंगठा, त्यावर रेषा राहिल्या कुठे? कारकुनानं चार वेळा पुसून लावायला सांगितला, मग दुसरं बोट घेतलं. गीताबाई खो-खो हसल्या. "अंगठा नाय देत म्हणतोय. बोट तयार हाय, घ्या."

मुरबाडचं घर लहान पण हवेशीर होतं. त्याचा मालक, धोंडी नावाचा म्हातारा, मुलाकडे कल्याणला चालला होता. गीताबाईंनी आधी त्याची शेगडी, नळी, रेग्युलेटर, सगळं बाहेर काढून ठेवलं आणि त्याला सांगितलं, "बाबा, हे तुमचं तुमी न्या. मी माझं आणते." धोंडी जरा नाराज झाला, त्याला वाटलं, चांगली वस्तू आपण फुकट देतोय आणि बाईला किंमत नाही. सावळीनं त्याची समजूत काढली, दोन किलो मसाला बांधून दिला. मसाल्यानं सगळं मिटलं.

बहिणींचा धंदा हळूहळू जमला. मुरबाडच्या आठवडी बाजारात पहिल्या दिवशी गीताबाईंनी मसाल्याची पाकिटं मांडली आणि समोरच्या बाईनं घेऊ की नको असं करायच्या आत त्यांनी चिमूटभर मसाला तिच्या तळहातावर ठेवला. "वास घे. वास खोटं बोलत नाय." सावळी बाजूला तोंडावर पदर घेऊन हसत होती. दुपारपर्यंत पाकिटं संपली.

पावसाळा सरून भातं कापायला आली तेव्हा नम्रताचा फोन आला. शिवणाच्या वर्गात पोरी वाढल्या होत्या, त्यांना तिनं जेवायला घालायचं ठरवलं होतं. "मावशी, तुम्ही आलंच पाहिजे. सावळीमावशींना घेऊन या."

गीताबाई सावळीला घेऊन गेल्या. सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्यानं एसटी, खिडकीतून दोन्ही बाजूंनी पिवळी शेतं. गल्लीत शिरल्या तेव्हा लोकांनी दारात येऊन विचारपूस केली. सोप्यात बाकड्यांच्या जागी मशिनी होत्या, दोऱ्यांचे रंगीत गुंडाळे भिंतीवर. मागे ओट्याखाली निळ्या फुलांचा पडदा. पंगतीला पंधरा-वीस पोरी बसल्या आणि गीताबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात पाटावर बसून जेवल्या. कुणीतरी त्यांना वाढत होतं.

नम्रता भाताचं पातेलं घेऊन पुढ्यात उभी राहिली. "कसं झालंय, मावशी? खरं सांगा."

गीताबाईंनी घास चावला. सावळीनं शेजारून त्यांना कोपर मारलं, आता तरी गप्प राहा म्हणून. पण ते होणं नव्हतं.

"डाळीत मीठ कमी हाय," गीताबाई म्हणाल्या, "आणि भात मस्त झालाय. वाढ अजून."